मॅडमला सांगू नको

चौदा वर्षांत पेशंटच्या तोंडून मी सर्वांत जास्त वेळा ऐकलेलं वाक्य म्हणजे ‘मॅडमला सांगू नको हां’. ‘दुखतंय’चा नंबर त्याच्यानंतर लागतो.

न केलेले व्यायाम, रात्री मोरीत गेलेला तोल, कुणा जाणत्याकडून आणलेलं तेल, एकाच्या जागी तीन घेतलेल्या गोळ्या, सगळं माझ्या कानाशी येतं आणि प्रत्येकाच्या शेपटीला हे वाक्य बांधलेलं असतं. मॅडम म्हणजे आमच्या फिजिओथेरपिस्ट. रत्नागिरी जिल्ह्यात, गुहागर तालुक्यातल्या शृंगारतळीला त्यांचं क्लिनिक आहे आणि मी त्यांची असिस्टंट. सकाळी क्लिनिकमध्ये शेक, करंट, मेणाचं भांडं, खांद्याची कप्पी हे माझ्याकडे. (खांदा आखडलेल्या बायकांच्या हातात कप्पीची दोरी दिली की त्या हसायला लागतात. जन्मभर विहिरीवर हेच केलं, तेव्हा कुणी पैसे घेतले नव्हते.) जेवण झालं की स्कूटर काढायची आणि ज्यांना क्लिनिकपर्यंत येता येत नाही त्यांच्या घरी जायचं. असगोली, पालशेत, गुहागर, अंजनवेल, वेलदूर, आणि धोपाव्याहून फेरीबोटीत स्कूटर चढवली की पलीकडे दाभोळ.

लोक मला ‘व्यायामवाली’ म्हणतात, ‘करंटवाली’ म्हणतात, कुणी ‘सिस्टर’ म्हणतात. ‘मालीशवाली’ म्हटलं की माझं डोकं फिरतं, पण चेहऱ्यावर दाखवत नाही. पुस्तकी मराठीत ‘भौतिकोपचार सहायक’ असा शब्द आहे. तो मी आजवर कुणाच्या तोंडून ऐकलेला नाही, माझ्या स्वतःच्याही.

कामाची वाटणी साधी आहे. पहिल्या दिवशी मॅडम स्वतः घरी येतात. तपासतात, सांधा किती अंश वळतो ते मोजतात, स्नायूची ताकद शून्य ते पाच या आकड्यांत लिहितात, घरच्यांशी बोलतात आणि चिठ्ठी करतात. त्या चिठ्ठीबरहुकूम मी रोज, नाहीतर एक दिवसाआड, करून घ्यायचं. पंधरा दिवसांनी मॅडम परत बघणार. चिठ्ठी बदलायची ती त्यांनी.

आता चिठ्ठी ही फार शहाणी गोष्ट असते, पण तिने घर बघितलेलं नसतं.

गुहागरला खालच्या पाटात एक आजी होत्या. आहेत, अजून चांगल्या ठणठणीत आहेत. दोन वर्षांपूर्वी आषाढात मागीलदारी अळूची पानं काढायला गेल्या आणि चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, पायरीवरच्या शेवाळावरून पाय गेला. डाव्या खुब्याचं हाड मोडलं. चिपळूणला ऑपरेशन होऊन अर्धा खुबा बदलला. वय ७९. घरी आल्या तेव्हा मॅडमच्या चिठ्ठीत लिहिलेलं होतं: पलंगाच्या कडेला बसून गुडघा सरळ करणे, १० वेळा, दिवसातून ३ वेळा. खुर्चीतून उठणे-बसणे. वॉकरने चालणे, आधी माजघरात, मग ओटीपर्यंत.

घरात पलंग होता, त्याच्यावर आंब्याच्या रिकाम्या पेट्या माळ्यापर्यंत रचलेल्या होत्या. तो मोकळा केला तर इतका बुटका निघाला की बसल्यावर गुडघे खुब्याच्या वर येत होते, आणि नेमकं तेच व्हायला नको होतं. सर्जननी बजावून सांगितलेलं: खुबा नव्वद अंशांपेक्षा जास्त दुमडायचा नाही, मांडी घालायची नाही, पायावर पाय टाकायचा नाही, वाकून खालची वस्तू उचलायची नाही. पहिले तीन महिने हे सगळं कडक, आणि जमिनीवर बसणं तर जन्मभर विसरा. शेवटी कुंपणाच्या गडग्यातले चार चिरे काढून पलंगाच्या पायांखाली दिले.

हे सगळं ऐकून आजी माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांचं सगळं आयुष्य जमिनीपासून वीतभर उंचीवर गेलेलं. विळी खाली, पाट खाली, चूल होती तेव्हा तीही खाली, देव खाली, सुपारी सोलायची ती खाली बसून, नातवंडं मांडीवर घ्यायची तीही खालीच. म्हणाल्या, “मग मी जगायचं कुठे गो? माळ्यावर?”

मी टेबल आणायला सांगितलं. त्यावर त्यांनी सुरीने भाजी चिरायची. सुरीने चिरलेल्या भाजीला चव नसते हे त्यांचं मत आजतागायत बदललेलं नाही.

वॉकर आला होता तो दुकानदाराने जसा दिला तसा, पाय पूर्ण ओढलेले. आजी त्याच्यामागे मांडवाच्या खांबाला लटकल्यासारख्या दिसत होत्या. हात बाजूला सोडल्यावर मनगटाची घडी जिथे येते तिथे वॉकरची मूठ आली पाहिजे, म्हणजे धरल्यावर कोपर जरासं दुमडलेलं राहतं आणि वजन टाकता येतं. तीन भोकं खाली घेतलं. मग आडवा आला उंबरठा. कोकणातल्या जुन्या घराचा उंबरठा म्हणजे सुखाने चालणाऱ्याचाही अंगठा फुटावा असा. त्यात देवघराचं दार वॉकरपेक्षा अरुंद. चिठ्ठीत ‘ओटीपर्यंत’ एवढाच शब्द होता आणि माजघरातून ओटीपर्यंत दोन उंबरठे होते.

मी काय केलं, मागच्या पडवीत नारळाची सोडणं ओळीने मांडली. हातभर अंतर सोडून एकेक. वॉकर पुढे, मग ऑपरेशनचा पाय सोडणावरून उचलून पलीकडे, मग चांगला पाय. आठ दिवस नुसतं एवढंच. पाय घासत चालायची सवय गेली की उंबरठ्याचा नंबर. पायऱ्यांसाठी मी पेशंटना एक ओळ पाठ करायला लावते: वर जाताना धडका पाय, खाली येताना मोडका पाय. ‘मोडका’ शब्दावर आजोबा भडकले. “मोडका कशाला म्हणतेस? नवा बसवलाय.”

आजोबा निवृत्त प्राथमिक शिक्षक. पहिल्याच दिवशी त्यांनी दोनशे पानी वही काढली, पट्टीने रेघा मारल्या, व्यायामांची नावं वर आणि तारखा बाजूला. मी गेले की माझ्यासमोर झालेलं ते लिहीत. मी नसताना झालेलं आजींनी सांगायचं. एकदा आजींनी दुपारचे दहा झाले म्हणून सांगितलं तर आजोबांनी चष्म्यावरून बघून विचारलं, “केव्हा? सव्वातीनपर्यंत तू घोरत होतीस.” तांबड्या पेन्सिलीने फुली. आजी मला कानात म्हणाल्या, “मॅडमला सांगू नको.” मी म्हटलं, मी कशाला सांगू, ही वही त्या आल्या की आधी बघणार आहेत.

आजींचा मुलगा न्यू जर्सीला असतो. व्हिडिओ कॉलवर आईची चाल बघता बघता त्याने मला विचारलं, तुम्ही पीटी की पीटीए? मला प्रश्नच कळला नाही. मग त्याने सांगितलं की पीटी म्हणजे थेरपिस्ट, आणि तिकडे त्याच्या खांद्याला व्यायाम द्यायला जी मुलगी यायची ती पीटीए, म्हणजे थेरपिस्टची असिस्टंट, आणि तिच्या शर्टावर तसं लिहिलेलं असायचं. त्या रात्री मी मोबाइलवर वाचत बसले. अमेरिकेत या पदाची पहिली माणसं १९६९ साली शिकून बाहेर पडली. कॉलेजचा दोन वर्षांचा कोर्स, त्यानंतर देशभराची एक परीक्षा, मग त्या त्या राज्याचं लायसन. काम काय, तर थेरपिस्टने ठरवलेले उपचार करून घ्यायचे, मोजमाप घ्यायचं, पेशंटचं काय चाललंय ते लिहून थेरपिस्टला कळवायचं. पहिली तपासणी आणि उपचाराची दिशा बदलणं हे मात्र असिस्टंटने करायचं नाही. म्हणजे रेघ त्यांची आणि आमची एकाच जागी मारलेली आहे. त्यांची शाईने आहे, एवढाच फरक.

माझं शिक्षण सांगायचं तर बारावी, मग रुग्णसेविकेचा सहा महिन्यांचा कोर्स, मग दोन वर्षं हॉस्पिटलात वॉर्डमध्ये, आणि त्यापुढचं सगळं मॅडमच्या हाताखाली. हे लिहिताना थोडं ओशाळल्यासारखं होतं. मॅडमचं शिक्षण साडेचार वर्षांचं, त्यातले शेवटचे सहा महिने इंटर्नशिप. २०२१ साली केंद्र सरकारने आमच्यासारख्या क्षेत्रांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. मॅडमनी मला तो वाचून दाखवला. मदतनीस आणि तंत्रज्ञांच्या स्तरावर किमान २००० तासांचं शिक्षण, तेही दोन ते चार वर्षांत पसरलेलं, आणि थेरपिस्टच्या स्तरावर किमान ३६०० तास. चांगलंच आहे. उद्या माझ्या जागी येणारी मुलगी हातात कागद घेऊन येईल आणि तिला कुणी मालीशवाली म्हणणार नाही. पण मी मनातल्या मनात माझे तास मोजत होते. ते कुठल्या विद्यापीठाकडे नाहीत. थोडे आजोबांच्या वहीत आहेत.

वेलदूरच्या तांडेलांकडे वही नव्हती. तांडेल म्हणजे बोटीचा प्रमुख. खलाशी त्याच्या शब्दावर चालतात. १ जूनपासून मासेमारीला बंदी लागते, त्याच्या आधीच्या शेवटच्या फेऱ्यांत, समुद्रातच, त्यांना झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. मेंदूतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. बोट बंदराला लागेपर्यंतच सात तास झाले होते.

मी जायला लागले तेव्हा पाऊस सुरू झाला होता. घरात सगळीकडे जाळी पसरलेली, दुरुस्तीला काढलेली, आणि मध्ये हा आडदांड माणूस खाटेवर. घरचे त्यांना उठवायचे ते लुळ्या हाताला धरून ओढून. मी आधी ते बंद केलं. खांद्याची वाटी फार उथळ असते, हाताचा गोळा तिच्यात राहतो तो स्नायूंच्या जोरावर. ते स्नायूच ढिले पडले की हाताच्या वजनानेच सांधा खाली सरकतो, आणि वरून ओढलं की जन्माचं दुखणं मागे लागतं. कमरेला रुंद पट्टा बांधायचा आणि तो धरून उठवायचं, हाताला हात लावायचा नाही. त्यांच्या भावाला हे तीनदा सांगितलं. चौथ्यांदा त्याच्याच कमरेला पट्टा बांधून त्याला खाटेवरून उठवून दाखवलं, तेव्हा सगळ्या बायका हसल्या आणि त्याला ते कायमचं कळलं.

तांडेलांना एक शब्द बोलता येत नव्हता, शिव्या सोडून. शिव्या मात्र एकदम स्वच्छ, बंदरावर द्याव्यात तशा. पाय उचलताना जोर लागला की एक सणसणीत यायची आणि त्यांची बायको पदर तोंडाला लावून आत पळायची. मॅडमनी तिला समजावलं की डाव्या मेंदूला मार बसला की स्वतः जुळवून बोलायचं वाक्य जातं, पण तोंडात बसून गेलेलं पुष्कळदा शिल्लक राहतं. शिव्या, आकडे, देवाची नावं, आरत्या.

मी व्यायाम घेताना मोठ्याने मोजते. ती माझी सवय आहे, घरी पोळ्यासुद्धा मोजत लाटते. त्या दिवशी टाच खाटेवर घासत पाय दुमडायचा व्यायाम चालला होता. मी एक, दोन, तीन, चार म्हणाले आणि मला ठसका लागला. खाटेवरून आवाज आला, “पाच.”

मी बघितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, त्यांनाही तो आवाज कुणाचा ते कळलं नसावं. मी ‘सहा’ म्हणाले नाही, ओठ घट्ट मिटून घेतले. थोडा वेळ गेला. मग “सहा”. दहापर्यंत त्यांनीच मोजलं. दारात त्यांची बायको उभी होती, कोलंबी सोललेले ओले हात तसेच वर धरून.

मॅडमना फोन केला तर त्यांनी आधी माझा उत्साह जरा खाली आणला. ही रुळलेली वाट आहे, म्हणाल्या, याला बोलणं आलं असं समजू नकोस. दोन बोटं दाखवून किती आहेत विचार. विचारलं, नाही सांगता आलं. वाचाउपचाराचा माणूस आमच्या तालुक्यात मिळायची मारामार, म्हणून मॅडमनी आपल्या ओळखीच्या एकीला फोन लावून काय काय करून घ्यायचं ते विचारलं. पण मोजणं मी त्या दिवसापासून त्यांच्याकडेच दिलं. मी मोजायचे तेव्हा आठला दमणारा माणूस स्वतः मोजताना बारा करायचा.

‘मॅडमला सांगू नको’ हे तांडेलांना बोलता येणार नव्हतं. नारळी पौर्णिमेनंतर एकदा गेले तर लुंगी गुडघ्यापर्यंत ओली आणि पायाला वाळू. मी बायकोकडे बघितलं, ती छपराकडे बघायला लागली. तांडेलांनी डाव्या हाताचं बोट ओठांवर ठेवलं. भावाने धरून त्यांना किनाऱ्यावर नेलं होतं आणि बोटीत बसवून आणलं होतं. मी तिथूनच मॅडमना फोन लावला. मला वाटलं, आता ओरडतील. त्या म्हणाल्या, “चढले कसे ते विचार. कुठला पाय आधी टाकला?” पुढच्या चिठ्ठीत बोटीची कड आली. आम्ही घरात आडवी फळी बांधली, ती ओलांडून जायचा व्यायाम सुरू केला, फळीची उंची दर आठवड्याला बोटभर वाढवली. हा व्यायाम कुठल्या पुस्तकात या नावाने सापडणार नाही.

धोपाव्याच्या जेटीवर फेरीची वाट बघताना मी हमखास चहा घेते. टपरीवाल्या काकांच्या पायाला कॅलिपर, म्हणजे आधाराच्या पट्ट्या, आहे, लहानपणच्या पोलिओचं. मॅडम मुंबईत शिकल्या, त्यांनी मला सांगितलंय की आपल्याकडे ही विद्या आली ती त्या रोगाच्या मागून. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईत पोलिओची साथ आली आणि केईएम हॉस्पिटलात फिजिओथेरपीची शाळा निघाली. देश पोलिओमुक्त म्हणून जाहीर झाला तो २०१४ साली. पोलिओचं कॅलिपर लावलेला तरुण माणूस मला अजून भेटलेला नाही. काका म्हणतात, “माझ्यामुळे तुमचं दुकान चाललं, चहाचे पैसे द्या तरी.” फेरीबोट सुटली की तेवढी मिनिटं बरी असतात. कुणाचा पाय मोजायचा नसतो.

दाभोळला एका चाचांचा उजवा गुडघा बदललेला होता. माणूस शिस्तीचा, व्यायाम एकही चुकवायचा नाही, उलट जास्त करायचा. सगळा जीव सजद्यात, नमाजात कपाळ जमिनीला टेकवण्यात, अडकलेला. गुडघा किती वाकला की जमिनीवर नमाज पढता येईल हे रोज विचारायचे. मॅडमनी खुर्चीवर बसून पढायला सांगितलं होतं, ते त्यांनी ऐकलं होतं, मान्य केलं नव्हतं. तिसऱ्या आठवड्यात एक दिवस त्यांच्या पायात घट्ट मोजा चढवायला घेतला तर तो पोटरीवर अडला. आदल्या दिवशी तोच मोजा मीच चढवला होता, सहज. हात लावला तर पोटरी तापलेली आणि ताठ, कातडी ताणून चकाकल्यासारखी. दोन्ही पोटऱ्यांना टेप लावली. तीन सेंटिमीटरचा फरक. चाची म्हणाल्या, काल जास्त चालले म्हणून सुजलंय. चाचा म्हणाले, “मॅडमला सांगू नको. परवा नातवाची मंगनी आहे, त्या मला दवाखान्यात धाडतील.”

धाडलंच. व्यायाम बंद, चोळायचं तर अजिबात नाही, गाडी करून ताबडतोब दापोली. सोनोग्राफीत शिरेत गुठळी निघाली. ती तिथून सुटून फुप्फुसात गेली असती तर मंगनीचं सोडाच. गुठळी आहे हे मला कळलं नव्हतं, आणि ते ओळखणं माझं कामही नव्हतं. मला एवढंच कळलं होतं की कालचा मोजा आज चढत नाही. पंधरा दिवसांनी येणाऱ्या माणसाला ‘काल’ नसतो. तो माझ्याकडे असतो. चाचांनी त्यानंतर महिनाभर माझ्याशी अबोला धरला, व्यायाम करायचे पण भिंतीकडे बघून.

इतकं सांगितलं तेव्हा आजींच्या गौरींचंही सांगायला हवं.

आषाढात पडलेल्या आजी गणपतीपर्यंत वॉकरने छान चालायला लागल्या होत्या. न्यू जर्सीचा मुलगा, मुंबईच्या जावा, पुतणे, त्यांची पोरं, घर भरलेलं. चाकरमानी आले की ओटीवर पाय ठेवायला जागा नसते. मॅडम आपल्या गावी गणपतीला गेल्या होत्या, विसर्जनानंतर येऊन बघणार होत्या. चिठ्ठीत स्वच्छ लिहिलेलं: पुढच्या तपासणीपर्यंत वॉकर. आजी मला म्हणाल्या, “त्या चौकटीत उभी राहून मी गौरी घरात घेऊ? कैदी दिसते गो मी त्यात.” आणि मग नेहमीचं वाक्य.

मी तीन दिवस त्यांना काठीवर चालवून बघितलं. चांगल्या चालल्या. डावा खुबा, म्हणून काठी उजव्या हातात, हे त्यांच्याकडून घोकून घेतलं. मला वाटलं, एवढ्या वर्षांत मला एवढं कळत नाही का? खरं सांगायचं तर मॅडम नसताना आपण एक पायरी वर सरकवली, याचा मला आतून थोडा आनंदच झाला होता.

गौरीच्या दिवशी मला बोलावणं होतं. त्यांच्याकडे खड्याच्या गौरी. सुनेने विहिरीवरून खडे आणले, दारात उभी राहिली, आणि आजी तबक घेऊन उंबरठ्याशी गेल्या. हळदकुंकू वाहायचं ते उजव्या हाताने. डाव्या हाताने कसं वाहणार? त्यांनी काठी उजव्या हातातून डाव्या हातात घेतली, इतक्या सहज की बघणाऱ्याला त्यात काही वाटू नये. मी चार हातांवर होते, हातात खिरीची वाटी. मला ते दिसलं. ‘आजी’ म्हणेपर्यंत त्या जराशा वाकल्या, डाव्या बाजूने आधार घ्यायला गेल्या, आणि काठी कोब्यावर सांडलेल्या पाण्यावरून सटकली.

खुबा वाचला. डाव्या मनगटाचं हाड चिरलं. दीड महिना प्लास्टर, म्हणजे वॉकर धरायला हात नाही, म्हणजे परत पलंग. काठी कुठल्या हातात ते मी शिकवलं होतं, पण उजवा हात या घरात आणखी कशाकशाला लागतो याचा विचार केला नव्हता. मॅडमनी केला असता की नाही ते सांगता येणार नाही. पण त्यांना विचारलं असतं तर निदान दोन डोकी झाली असती.

फोनवर मॅडमनी आधी खुब्याचं विचारलं, मग मनगटाचं, मग म्हणाल्या, “चिठ्ठीत काय होतं?” मी काही बोलले नाही. त्याही थोडा वेळ बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सण सोडून आल्या. सगळ्या घरासमोर म्हणाल्या, “आमच्याकडून चूक झाली.” आमच्याकडून. आजी मध्येच बोलायला लागल्या की माझाच हट्ट, तिला काही बोलू नका. आजोबा कोपऱ्यात वहीत काहीतरी लिहीत होते. मी नंतर बघितलं, पुढच्या सगळ्या रकान्यांत त्यांनी तांबड्या पेन्सिलीने ‘गैरहजर’ लिहिलं होतं. परत जाताना असगोलीच्या चढावर मला स्कूटर बाजूला घ्यावी लागली.

तेव्हापासून नव्या पेशंटना मी पहिल्या दिवशीच सांगून टाकते की तुम्ही मला जे सांगाल ते मी मॅडमना सांगणार आहे. सगळे मान डोलावतात. आठवड्याभरात वाक्य परत येतंच.

यंदा वैशाखात खालच्या पाटातून जात होते. आजींच्या अंगणात वॉकर उभा होता, त्याच्या दांड्यांवर फडकी वाळत घातलेली, आणि शेजारच्या सुपांत फणसाची साठं. म्हटलं, डोकावून जावं. मागच्या पडवीत आजी फणस चिरत होत्या. विळीवर.

माझी नजर आधी खुब्याकडे गेली, ती आता जातेच. दोन चिरे एकावर एक, वर घडी घातलेलं गोणपाट, त्यावर आजी ताठ बसलेल्या, गुडघे खुब्याच्या खाली. विळी जमिनीवर नव्हती. आंब्याची पेटी पालथी घालून तिच्यावर ठेवली होती. आणि ती हलू नये म्हणून पलीकडच्या बाजूला आजोबा बसले होते, पेपर वाचत, एक पाय विळीच्या पाटावर दाबून.

आजींनी मला बघितलं आणि तेल लावलेले हात तसेच वर धरले.

“मॅडमला सांगू नको हां.”

पेपरमधून मान वर न काढता आजोबा म्हणाले, “तिने नाही सांगितलं तरी काय होतंय? मी वहीत लिहिलंय.”